रेइश मागुशचं चर्च: किल्ल्याच्या नादात हे सोडू नका

मागच्या ट्रिपला टूरवाल्याने इथे पंधरा मिनिटं दिली, म्हणाला किल्ला बघा, चर्च काय सगळीकडे सारखीच असतात. ते डोक्यात राहिलं होतं. म्हणून यावेळी आईला घेऊन आपले आपण गेलो, रविवारी सकाळी पणजीहून फेरीबोटीने बेतीला आणि तिथून रिक्षा. मिस्सा संपून माणसं घरी निघाली होती, मग आत निवांत बसता आलं.

चर्च १५५५ चं आहे, फ्रान्सिस्कन पाद्र्यांचं, गोव्यातल्या अख्ख्या बार्देश तालुक्यातलं पहिलं. पांढरंशुभ्र, मांडवीच्या काठावर, रुंद पायऱ्या चढून जायचं. पायऱ्यांपाशी खाली थांबा जरा, तिथे दगडात कोरलेले सिंह आहेत, विजयनगरच्या धाटणीचे, जुन्या देवळाचे असावेत असं सांगतात. आणि वर बघाल तर दर्शनी भिंतीवर पोर्तुगालचं राजचिन्ह, मुकुटासकट. एवढ्या दोन गोष्टींत किती काय आलं.

पण खरं बघायचं ते आत, मुख्य अल्टारवर, म्हणजे वेदीवर. लाकडात कोरलेला रंगीत देखावा आहे, तीन राजे बाळ येशूला भेटी देतायत. रेइश मागुश म्हणजे हेच तीन राजे, गावाला नावच त्यांचं. आई त्याच्यासमोरून हलेचना, म्हणाली आपल्याकडे बारशाला बायका वाकून बाळ बघतात ना, अगदी तस्सं. मला तर ते लाकूडकाम गोव्यातल्या कितीतरी मोठ्या चर्चपेक्षा जास्त आवडलं कारण इथे सोन्याचा झगमगाट नाही, गोष्ट आहे.

आत लुईश द आताईदच्या थडग्याची कोरीव शिळापण आहे. हा दोनदा पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय होता, आदिलशहाने १५७० मध्ये गोव्याला वेढा घातला तेव्हा यानेच शहर लढवलं, १५८१ ला वारला.

मग वर किल्ल्यावर जाच, अगदी लागूनच आहे. १७३९ ला मराठ्यांनी बार्देश घेतला पण हा किल्ला आणि आग्वादचा किल्ला काही हाती आले नाहीत, वरून मांडवीचं मुख बघितलं की का ते लगेच कळतं. पण आधी चर्च, मग किल्ला.

जमलं तर ६ जानेवारीच्या फेस्ताला जा, गावातली मुलं तीन राजे होतात. आम्ही पुढच्या वर्षीची तिकिटं त्याच हिशोबाने काढणार आहोत, आईने आत्ताच सांगून ठेवलंय.