जुनी जिप्सी घेताय? भाव पुढचा अ‍ॅक्सल बघून ठरवा

चोपड्याहून वैजापूर, उमर्टीकडच्या पाड्यांवर माझी पंप आणि ठिबकची कामं असतात. पावसाळ्यात तिकडे काळी माती टायरच्या खाचांत अशी भरते की इंजिनची ताकद दोनच चाकांना मिळणाऱ्या गाडीची चाकं जागेवरच फिरत राहतात. नवी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी परवडण्यासारखी नव्हती, म्हणून जुनी मारुती जिप्सी घेतली. 2006 ची, एमपीएफआय (इंजेक्शनवालं) पेट्रोल इंजिन, सॉफ्टटॉप म्हणजे कापडी टपाची. आमच्या भागात बरेच जण अशी गाडी शोधत असतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

कामाला ही गाडी अव्वल आहे. वजन जेमतेम टनभर, इंजिन 1298 सीसीचं, चारही चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि चिखल-चढासाठी जास्त जोर देणारा लो गिअर. मोठ्या जड गाड्या जिथे रुततात तिथून ही हलकेपणामुळे निघून जाते. इंजिनही चिवट. तेल वेळेवर बदललेलं असेल तर त्याची फार काळजी करू नका. खर्च निघतो तो खाली, आणि खालीसुद्धा सगळ्यात आधी पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणाऱ्या कण्यात.

गाडी बघायला आमच्या मिस्त्री नानांना सोबत नेलं होतं. व्यापारी चकचकीत हिरवा रंग दाखवत होता, "एक रुपयाचं काम नाही" म्हणत होता. नाना मला एवढंच म्हणाले, "रंग नको देखू भाऊ, खाले वाकीसन देख." त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, वरून आणि खालून धरून हलवलं. चाक डगडगलं. मग मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं तो खुंट आणि त्याचं बेअरिंग. आमचा राहिला. शिवाय चाकाच्या आतल्या बाजूला काळं, पातळ तेल ओघळलेलं होतं. म्हणजे अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलेलं आणि अ‍ॅक्सलमधल्या डिफरेन्शियलचं (दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचं) तेल नकलमधल्या, म्हणजे चाकाच्या वळणाऱ्या सांध्यातल्या, ग्रीसमध्ये मिसळून बाहेर येत होतं. 2 लाख 60 हजारांची गाडी तिथेच 2 लाख 15 वर आली.

किंगपिनकडे दुर्लक्ष करू नका. पन्नास-साठच्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबत नाही. धुळ्याकडे जाताना मागे ट्रकची रांग असेल तेव्हा हे जिवावर बेतणारं आहे. बरेच गॅरेजवाले नुसता स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे दाबणारा शॉकअप) बदलून देतात. त्याने थरथर काही दिवस दबते, झिजलेलं बेअरिंग आत तसंच राहतं. नानांनी दोन्ही बाजू खोलून बेअरिंग, सील सगळं नवीन टाकलं. शिम (बेअरिंगचा घट्टपणा ठरवणाऱ्या पातळ चकत्या) घालताना ते नकलला ताणकाटा अडकवून ओढून बघत होते. फार सैल नको, फार घट्ट नको, दोन्ही बाजू सारख्या. एका शिमसाठी त्यांनी पूर्ण बाजू पुन्हा उघडली. सामान आणि मजुरी मिळून साडेसहा हजार झाले आणि त्यातला प्रत्येक रुपया वसूल आहे.

या गाडीचा ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा, रबरी माउंटवर टांगलेला असतो, त्यामुळे ताकद नेणारे दांडे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, तीन. गिअर टाकून क्लच सोडताना खालून 'खट्' आवाज आला तर क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) किंवा ही रबरं बघा. क्रॉस मला आठशेच्या आसपास एक पडला, रबरांचे अठराशे. डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून फिरणाऱ्याच्या गाडीत हे लवकर जातं, कारण पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावून घ्यायला पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये वेगळं डिफरेन्शियल नाही. आधीचा मालक गाडी कशी चालवायचा हे म्हणूनच विचारायचं. क्लच सेट साडेपाच हजार. रेडिएटर आपल्या मे महिन्यासाठी नवीन कोअर घालून घेतला, साडेचार.

सगळ्यात जास्त पैसे पत्र्याने खाल्ले, चौदा हजार. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि मागचा पाटा जिथे टांगलेला असतो त्या शॅकलजवळची चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), दोन्हीकडे ताजं काळं डांबर फासलेलं होतं. असं डांबर दिसलं की स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला थप्प करतो. फरशीचं काम होऊ शकतं, पण चेसिस आरपार सडलेली असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. कोकणातल्या गाडीपेक्षा जळगाव-धुळ्याच्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी दहा-वीस हजार जास्त देऊनही स्वस्त पडते. कागद बघताना आरसीची मुदत नक्की बघा. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, ग्रीन टॅक्स वेगळा.

तोटेही सांगतो. लिटरला दहा-अकराच्या पुढे जात नाही. मागच्या आडव्या बाकांवर म्हाताऱ्या माणसाला लांब नेऊ नका, पाट्यांचे हादरे थेट पाठीत बसतात. पावसात कापडी टपाच्या शिवणीतून पाणी येतं.

सामान मिळतं. जळगावला अजिंठा चौफुलीवर क्रॉस, सील, क्लच प्लेट हातोहात मिळाले, किंगपिनचं चांगलं बेअरिंग मात्र मागवावं लागलं. ते येईपर्यंत गाडी खोलून ठेवायची नाही, आधी सामान हातात घ्यायचं आणि मगच नानांसारख्या मिस्त्रीकडे गाडी लावायची.