जुन्या हॉर्न ड्रायव्हरची जोडी: न उघडता घेतलेला माल आणि झालेली फसवणूक

जुने कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नमागे बसणारा, प्रत्यक्ष आवाज निर्माण करणारा भाग) विकत घेऊन त्यांभोवती घरच्या घरी हॉर्न स्पीकर बांधण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. गेल्या वर्षी मुंबईतील जुन्या ध्वनिसामग्रीच्या एका व्यापाऱ्याकडून मी जेबीएल या अमेरिकी कंपनीच्या २४४० या ड्रायव्हरची जोडी ९०,००० रुपयांना घेतली. प्रत्यक्षात हाती आलेल्या दोन नगांपैकी एक २४४० नव्हताच, आणि दुसरा फक्त बाहेरून २४४० होता. हे कळेपर्यंत चार महिने, एका कातारी कारागिराची मेहनत आणि लाकडासकट आणखी बरेच पैसे खर्ची पडले होते.

मुळात हा ड्रायव्हर मिळवण्यासाठी लोक का धडपडतात, हे सांगितल्याशिवाय फसवणूक कशी साधली जाते ते कळणार नाही. देवळावरच्या किंवा मंडळाच्या कर्ण्यामागे साऊंडवाले ज्याला ‘युनिट’ म्हणतात, त्याच तत्त्वावर हा चालतो: डायफ्रॅम, म्हणजे थरथरणारा पातळ पडदा, आपल्या क्षेत्रफळाच्या मानाने अतिशय अरुंद गळ्यातून हवा ढकलतो, आणि पुढचा हॉर्न तो दाब हळूहळू खोलीतल्या हवेपर्यंत पोहोचवतो. जेबीएलने १९५४ साली बाजारात आणलेल्या ३७५ या ड्रायव्हरचे २४४० हे व्यावसायिक रूप. त्याची व्हॉइस कॉइल (डायफ्रॅमला हलवणारी तारेची गुंडाळी) ४ इंचांची, गळा २ इंचांचा, डायफ्रॅम ॲल्युमिनियमचा, चुंबक ॲल्निको या मिश्रधातूचा, आणि एका नगाचे वजन सुमारे ११ किलो. योग्य हॉर्नवर तो एका वॅटमध्ये इतका मोठा आवाज देतो की माझ्यासारख्या २ए३ व्हॉल्व्हचा साडेतीन वॅटचा ॲम्प्लिफायर वापरणाऱ्याला त्याच्यासारखा दुसरा सोबती नाही. अशा ड्रायव्हरची सगळी किंमत दोनच गोष्टींत असते: डायफ्रॅम आणि चुंबकाच्या ज्या फटीत कॉइल हलते तिथले चुंबकत्व. या दोन्ही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत.

व्यापाऱ्याने मला माल दाखवण्याआधी त्याची कहाणी ऐकवली. विदर्भातील एक जुने चित्रपटगृह बंद पडले, पडद्यामागचे सगळे सामान त्याने उचलले, आणि ‘सर, १९५६ साली थिएटर सुरू झालं तेव्हापासून ही युनिट तिथेच होती, एकदाही उघडलेली नाहीत,’ असे तो म्हणाला. एक पडद्याची चित्रपटगृहे बंद पडत असताना आणि त्यांचे सामान खरोखरच भंगारात जात असताना ही गोष्ट कोणालाही खरी वाटावी अशीच आहे. मला तर ती खरी असावी असेच मनापासून वाटत होते. त्याने माझ्यासमोर मल्टीमीटर लावून दोन्ही नगांचा रोध जवळजवळ सारखा असल्याचे दाखवले, मग एका छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून एक अभंग वाजवला. गायकाचा आवाज इतका जवळचा, इतका स्वच्छ होता की मी आणखी काही ऐकायला मागितले नाही. २०,००० रुपये मोबाइलवरून आणि ७०,००० रोख दिले. पावती त्याने ‘जुन्या मालाला बिल नसतं’ म्हणून दिली नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

पुढचे काम मात्र आनंदाचे होते. मी ३२० हर्ट्झ ही खालची मर्यादा असलेला, ट्रॅक्ट्रिक्स नावाच्या वक्राने रुंदावत जाणारा हॉर्न निवडला, ज्याच्या तोंडाचा व्यास सुमारे ३४ सेंटीमीटर आणि लांबी सुमारे २८ सेंटीमीटर येते. १८ मिलिमीटर प्लायच्या सोळा कड्या एकावर एक चिकटवून आमच्या ओळखीच्या कातारींनी त्या लेथवर कातल्या आणि गळ्याकडचा भाग ड्रायव्हरच्या तोंडाशी इतका बेमालूम जुळवला की बोट फिरवले तरी सांधा लागत नसे. खाली खर्जाच्या स्वरांसाठी १५ इंची वूफरची पेटी, आणि दोघांची वाटणी ७०० हर्ट्झवर.

पहिल्याच संध्याकाळी काहीतरी हरवल्यासारखे जाणवले. कंठसंगीत उत्तम वाजत होते, पण तानपुऱ्याची जवारी मंद होती, तबल्याच्या किनारीवरची चाट बोथट होती, आणि तोच अभंग घरच्या शांततेत लावला तेव्हा त्यातले टाळ डाव्या बाजूने जवळजवळ नाहीसे झाले होते. पंधरवडाभर मी क्रॉसओव्हरला (वूफर आणि हॉर्नमध्ये स्वर वाटून देणाऱ्या सर्किटला), वायरला, खोलीला दोष देत राहिलो. शेवटी मोजमापाचा मायक्रोफोन हॉर्नसमोर ठेवून दोन्ही बाजूंचे स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरकत जाणाऱ्या स्वराचे मोजमाप, घेतले. डाव्या नगाचा आलेख ६ किलोहर्ट्झच्या पुढे कड्यावरून पडावा तसा खाली जात होता. उजवा १० किलोहर्ट्झपर्यंत पोहोचत होता, पण मध्ये चढउतारांनी भरलेला होता आणि सारख्याच व्होल्टेजला डाव्यापेक्षा सुमारे ४ डेसिबलने हळू वाजत होता.

मग मागची झाकणे उघडली. डावीकडे ॲल्युमिनियमऐवजी तपकिरी, कापडाची वीण दिसणारा फिनॉलिक (राळेत भिजवलेल्या कापडाचा) डायफ्रॅम होता. तो जेबीएलचाच २४८२ होता. हा ड्रायव्हर मोठ्या मैदानांत भाषण दूरवर पोहोचवण्यासाठी केलेला, दिसायला २४४० सारखाच, रोधही तेवढाच, आणि माणसाचा आवाज पोहोचवण्यात खरोखर वाकबगार. व्यापाऱ्याने गायनच का वाजवले, आणि ते रस्त्यावरच्या गोंगाटातच का ऐकवले, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला. नगावरची क्रमांकाची चकती दुसऱ्या कोणत्या तरी ड्रायव्हरवरून काढून चिकटवलेली होती, खालचा गोंद ताजा होता. उजव्या नगात ॲल्युमिनियमचा डायफ्रॅम होता, पण स्वस्त नकली, कॉइल एका बाजूला फटीत घासलेली. ‘एकदाही न उघडलेल्या’ या नगाच्या झाकणातला फोम कोरा करकरीत होता, तर अशा जुन्या झाकणांतला फोम इतक्या वर्षांत चिकट होऊन त्याचा भुगा झालेला असतो.

त्या ४ डेसिबलचे कारण अधिक वाईट आहे. मागचे झाकण काढल्याने किंवा डायफ्रॅम बदलल्याने चुंबकाला काही होत नाही; परंतु ॲल्निको चुंबक त्याच्या लोखंडी मंडलातून (चुंबकत्व फटीपर्यंत नेणाऱ्या सांगाड्यातून) सुटा केला, तर तो स्वतःच्याच क्षेत्रामुळे अंशतः क्षीण होतो, आणि पुन्हा जोडल्यावर ते चुंबकत्व परत येत नाही. जोडलेल्या अवस्थेत त्याला नव्याने भारित करावे लागते, आणि त्यासाठीचे यंत्र सहजासहजी कुठे सापडत नाही. उजव्या नगाचे मागचे बोल्ट काढल्यावर आतल्या मोठ्या स्क्रूंच्या खाचांवर पान्याचे ताजे ओरखडे दिसले. कोणीतरी फट साफ करण्यासाठी सगळे मंडलच सोडवले असावे, असा माझा निष्कर्ष आहे.

कहाणीतली विसंगती मला तिथेच कळायला हवी होती, याचे दुःख अधिक वाटते. जेबीएलचे हे चार आकडी व्यावसायिक क्रमांक १९७० च्या सुमाराचे. १९५६ पासून पडद्यामागे असलेल्या नगावर २४४० ही चकती असूच शकत नाही. ही गोष्ट मला माहीत होती. दुकानात उभा असताना मी ती तपासली नाही, कारण मला पडद्यामागची ती जागा डोळ्यांसमोर दिसत होती.

म्हणून पैसे देण्यापूर्वी झाकण उघडून डायफ्रॅम डोळ्यांनी पाहण्याचा हट्ट धरावा. विकणारा ‘उघडलं तर सील जाईल’ म्हणाला तर तिथूनच परतावे, कारण या ड्रायव्हरना असे सील नसते. मल्टीमीटर फक्त कॉइल तुटलेली नाही एवढेच सांगतो. लॅपटॉप, मायक्रोफोन आणि कोणताही एक लहान हॉर्न सोबत नेऊन त्याच हॉर्नवर, त्याच अंतरावरून, त्याच पातळीला दोन्ही नगांचे स्वीप घ्यावेत. जोडीतला फरक १-२ डेसिबलच्या पलीकडे असेल तर तिला जोडी म्हणून भाव देऊ नये. ड्रायव्हरला थेट ॲम्प्लिफायर जोडू नका, मालिकेत कपॅसिटर ठेवा आणि स्वीप ५०० हर्ट्झच्या वरूनच सुरू करा, नाहीतर चांगला डायफ्रॅम आपल्याच हातून फाटेल. जाहिरातीतल्या छायाचित्रातील अनुक्रमांक हातातल्या नगाशी पडताळावेत. माझ्या बाबतीत ते जुळत नव्हते, आणि हे मी घरी येऊन पाहिले.

व्यापाऱ्याने आधी ‘जुना माल परत नाही’ असे सांगितले आणि नंतर फोन घेणे बंद केले. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला; २०१९ च्या कायद्यानुसार तो आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही. पुरावा म्हणून माझ्याकडे आहे तो २०,००० रुपयांच्या व्यवहाराची नोंद, जाहिरातीची छायाचित्रे, ‘ओरिजिनल २४४०’ असे लिहिलेले त्याचे संदेश, आणि तारखेसह साठवलेले स्वीप. रोख दिलेल्या ७०,००० रुपयांचा कोणताही कागद नाही, आणि आयोगासमोर माझी बाजू तिथेच कमकुवत आहे. बंद चित्रपटगृहाच्या अशाच कहाणीसह कोणी अशी जोडी घेतली असेल, तर त्यांनी या आठवड्यातच मागचे बोल्ट काढून आत पाहावे, छायाचित्रे घ्यावीत आणि संदेश जपून ठेवावेत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि माझे पहिले चार महिने केवळ हॉर्न कातण्यात गेले.