पाखाडीवरची विजेरी: ओलाइट आय-थ्री-टी, दोन पावसाळ्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीहून सुटणारी शेवटची एसटी आमच्या थांब्यावर रात्री पावणेनऊच्या सुमारास येते आणि तिथून घरापर्यंत बारा-तेरा मिनिटांची पाखाडी आहे. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणे, मध्ये पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) अरुंद साकव आणि वाटेत विजेचे दोन खांब, ज्यांपैकी एकावरचा दिवा मिरगाचा पहिला पाऊस पडला की बहुधा दिवाळीपर्यंत लागत नाही. माझ्या आजीच्या काळी ही वाट झावळांची चूड पेटवून चालत असत. मी गेले दोन पावसाळे ती ज्या छोट्या विजेरीच्या उजेडात चालते आहे, तिच्याविषयी हे लिहिते आहे. आमच्याकडे विजेरीला सगळे ‘बॅटरी’च म्हणतात आणि आत घालायच्या बॅटरीला ‘सेल’. घोटाळा नको म्हणून इथे विजेरी आणि सेल हेच शब्द वापरते.

मोबाइलला उजेड असताना वेगळी वस्तू कशाला, हा प्रश्न मलाही घरच्यांनी विचारला होता. मोबाइलचा दिवा खोलीत पडलेली किल्ली शोधायला पुरतो. पण त्याचा उजेड चारही बाजूंना पसरतो आणि पाच-सहा पावलांपलीकडे त्यात काही उरत नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ओला मोबाइल आणि खांद्यावर पिशवी अशा अवस्थेत साकव ओलांडणे किती अवघड असते, ते एकदा करून पाहिल्यावरच कळते. शिवाय खरोखर अडचण आली, पाय मुरगळला किंवा जनावर चावले, तर १०८ला फोन करण्यासाठी तोच मोबाइल चार्ज असलेला आणि मोकळा हवा.

याआधी मी दोन विजेऱ्या वापरल्या. पहिली, भिंतीच्या प्लगात थेट खोचून चार्ज करायची, प्लास्टिकची. बाजारपेठेतल्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात असतात तशी. अशा बऱ्याच स्वस्त विजेऱ्यांमध्ये शिसे-आम्लाचा छोटा सेल असतो आणि तो उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिला की कायमचा निकामी होतो. माझी कपाटात उन्हाळाभर पडून होती आणि जूनमध्ये हवी तेव्हा तिने डोळे मिटले. दुसरी ऑनलाइन घेतली, डब्यावर ‘१०,००० ल्युमेन’ (ल्युमेन हे एकूण उजेडाचे माप) असे छापलेली. त्या वेळी मी साधे गणितही केले नाही, याची आता लाज वाटते. पांढरा एलईडी एका वॅटमागे ढोबळमानाने १०० ते १५० ल्युमेन उजेड देतो, म्हणजे १०,००० ल्युमेनसाठी ७० ते १०० वॅट लागतील. तिच्या आतल्या १८६५० सेलमध्ये (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव) चांगल्यात चांगल्या प्रतीचा असला तरी बारा वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. दावा खरा असता, तर ती विजेरी आठ-दहा मिनिटांत संपली असती आणि तोवर हातात धरवलीही नसती. यातले काहीच झाले नाही, कारण उजेडच तेवढा नव्हता.

म्हणून तिसऱ्या वेळी मी आकडे नीट वाचून घेतले. ओलाइट आय-थ्री-टी ही एका ट्रिपल-ए सेलवर, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात असतो त्याहून बारीक, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो त्या सेलवर, चालते. सेलसह वजन ३९ ग्रॅम, लांबी बोटाएवढी, पाठीमागे दाबायचे बटण आणि उजेडाच्या दोनच पायऱ्या: १८० ल्युमेन आणि ५ ल्युमेन. कंपनीने दिलेला पल्ला ६० मीटर आहे. मात्र हा पल्ला कसा मोजतात, तेही माहीत असावे. जिथे उजेड पाव लक्सवर, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो, तिथपर्यंतचे अंतर प्रमाणित पद्धतीत पल्ला म्हणून धरले जाते. चांदण्यात माणूस उभा आहे एवढे कळते; त्याच्या हातात काय आहे ते कळत नाही. त्यामुळे कोणत्याही विजेरीचा छापील पल्ला मनातल्या मनात निम्मा किंवा त्याहूनही कमी करावा. या विजेरीने पंचवीस पावलांवरचा गडगा मला स्वच्छ दिसतो आणि पाखाडीवर त्यापुढचे दिसण्याची गरज नसते, कारण पुढे वळण असते.

विकत घेताना मी १८० हा आकडा पाहिला होता; प्रत्यक्षात वापरते ती बहुतेक वेळा ५ ल्युमेनची पायरी. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पायाखालची पायरी दाखवायला तेवढा उजेड पुरतो आणि ५ ल्युमेनवर एक सेल सोळा तास चालतो, असे कंपनी सांगते. मी घड्याळ लावून पाहिलेले नाही, पण रोजच्या चालण्याला मला महिन्यातून एखाद्या वेळीच सेल बदलावा लागतो. लाईट गेल्यावर घरात, रात्री गोठ्यात, झोपलेल्या मुलांच्या खोलीत हीच पायरी बरी. जिची सर्वांत कमी पायरीही डोळे दिपवते, अशी विजेरी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठा उजेड लागतो तो फुरशासाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर आणि गडग्यांच्या भेगांत हा साप वावरतो. लांबीने जेमतेम हात-दीड हात, रंगाने मातकट तपकिरी आणि पायरीवर वेटोळे करून बसला तर जांभ्याच्या दगडात पार मिसळून जाणारा. अंगाचे खवले एकमेकांवर घासून तो खरखर आवाज करतो खरा, पण पावसाच्या आवाजात तो कोणाला ऐकू येणार? इथे उजेडाच्या प्रमाणाइतकाच त्याचा रंगही महत्त्वाचा ठरतो. निळसर पांढऱ्या उजेडात तांबडे आणि तपकिरी रंग एकमेकांत फिके होतात; किंचित पिवळसर, ४,००० ते ५,००० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) उजेडात ते वेगळे ओळखू येतात. माझी विजेरी थंड, म्हणजे निळसर, पांढऱ्या उजेडाची आहे. ज्यांना निवडीला वाव असेल, त्यांनी ‘न्यूट्रल व्हाइट’ असे लिहिलेली विजेरी शोधावी. मी पुन्हा घेईन तेव्हा तीच घेईन. उजेड कुठे टाकावा याचीही एक सवय लागते. तो सतत पायाशी न ठेवता तीन-चार पावले पुढे ठेवावा आणि हात गडग्यावर टेकण्यापूर्वी आधी तिथे उजेड टाकावा.

सेलविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. एका ट्रिपल-ए सेलमध्ये जेमतेम एक वॅट-तास ऊर्जा असते, त्यामुळे १८० ल्युमेनचा उजेड फार काळ टिकणे शक्य नाही आणि तो हळूहळू उतरत जातो. हा त्या विजेरीचा दोष नव्हे, तो आकाराचा हिशेब आहे. साधे अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत राहिले की पाझरतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात, म्हणून मी पडून असताना चार्ज हळू उतरणारे, निकेल-मेटल हायड्राइडचे दोन रिचार्जेबल सेल वापरते, एक आत आणि एक पिशवीत. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या लिथियमच्या विजेऱ्या याच आकारात अधिक उजेड देतात. पण वादळात तीन-तीन दिवस वीज नसते, तेव्हा वाडीतल्या किराणा दुकानात मिळणारा सेल जिच्यात चालतो ती विजेरी मला जास्त भरवशाची वाटते.

बाळगण्याच्या दृष्टीने तिची क्लिप सर्वांत उपयोगी आहे. ती दुहेरी वळणाची असल्यामुळे विजेरी तोंड वर करून किंवा खाली करून, दोन्ही प्रकारे अडकवता येते. कुर्त्याला खिसा नसेल तर ती पिशवीच्या पट्ट्याला बाहेरून लावावी. पर्सच्या तळाशी टाकलेली विजेरी अंधारात शोधायला दुसरी विजेरी लागते. टोपीच्या कडेला लावली की दोन्ही हात मोकळे राहतात, छत्री असो वा कुलूप. पाण्याच्या बाबतीत तिला आयपीएक्स-८, म्हणजे पाण्यात बुडाली तरी टिकण्याचा, दर्जा आहे आणि कोकणातले दोन पावसाळे तिने आत थेंबही न घेता काढले आहेत.

स्वसंरक्षणाच्या नावाखाली विजेऱ्यांची जी जाहिरात चालते, तिच्याविषयी मी साशंक आहे. लुकलुकणाऱ्या झोताने हल्लेखोर गोंधळून पळतो, कडेला दातेरी कडा असली की विजेरीचे शस्त्र होते, असल्या गोष्टींवर विसंबून कोणी वाट बदलू नये. अंधारात जवळ आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मोठा उजेड पडला तर त्याचे डोळे क्षणभर दिपतात हे खरे, पण तो क्षण मागे फिरून उजेडाच्या आणि माणसांच्या दिशेने निघण्यासाठी आहे. एव्हरेडीने सायरन असलेली टॉर्चही बाजारात आणली आहे. एकटीने शहरात फिरणाऱ्या मुलीला आवाजाचा उपयोग उजेडाहून अधिक होईल, असे मला वाटते. आमच्या पाखाडीवर आवाज ऐकायला कोणी नसते. माझ्यासाठी संरक्षण म्हणजे वळणापलीकडे कोण उभे आहे हे त्याच्याजवळ पोहोचण्यापूर्वी कळणे, आणि डांबरी रस्त्यावर येताच समोरून येणाऱ्या डंपरला मी दिसणे. तिथे मी उजव्या कडेने चालते आणि झोत चालकाच्या डोळ्यांत न टाकता माझ्यापुढच्या रस्त्यावर टाकते.

रात्री मोटार सुरू करायला शेतात जाणाऱ्यांनी, किंवा जुन्नरसारख्या बिबट्याच्या मुलखात राहणाऱ्यांनी, ही विजेरी घेऊ नये. त्यांना लांब झोताची, १८६५० सेलची, हाताएवढी विजेरी लागेल आणि तिचे वजन सोसावे लागेल. आमच्या घरीही तशी एक दाराच्या खिळ्याला टांगलेली आहे. सासरे विहिरीवर जाताना ती घेतात. मात्र शेवटच्या एसटीतून मी उतरते, तेव्हा ती नेहमी घरीच असते.