मोठा क्लब की गावचा क्लब? कॉलेजच्या यादीकडे बघून ठरवणाऱ्यांसाठी

मे महिना आला की आमच्या भागात, म्हणजे मध्य न्यू जर्सीत, ओळखीच्या मराठी आईबापांचे फोन सुरू होतात. मुलगी तेरा-चौदाची झालेली असते, सॉकरच्या ट्रायआउट, म्हणजे निवडचाचण्या, नुकत्याच आटोपलेल्या असतात, दोन क्लबांनी जागा देऊ केलेली असते आणि होकार कळवायला हातात जेमतेम दोन दिवस असतात. एक क्लब मोठा, ईसीएनएल या देशपातळीवरच्या लीगमध्ये खेळणारा, घरापासून पाऊण तासावर. दुसरा गावातलाच, ईडीपीसारख्या प्रादेशिक लीगमध्ये खेळणारा. आमची मुलगी दोन्हीकडे खेळली आहे. दोन वर्षं मोठ्या क्लबात काढली आणि तेव्हापासून आजतागायत गावच्या क्लबात आहे. नावं देत नाही, कारण मला जे खटकलं ते काही एकाच क्लबाचं दुखणं नाही.

खेळापुरतं बोलायचं तर मोठा क्लब वरचढ आहे, हे आधीच कबूल करतो. सरावाला तोडीस तोड मुली असतात, त्यामुळे रोजचा सरावसुद्धा सामन्यासारखा होतो. शोकेस, म्हणजे कॉलेजच्या कोचना खेळ दाखवायच्या स्पर्धांना गेलं की मैदानाच्या कडेला कॉलेजांचे कोच घडीच्या खुर्च्या टाकून, मांडीवर वही घेऊन बसलेले दिसतात. गावच्या क्लबाच्या सामन्यांना हे दृश्य आम्ही क्वचितच पाहिलं. फी, प्रवास, हॉटेलं धरून मोठ्या क्लबाचा खर्च आम्हाला दुपटीच्या वर गेला, पण त्याची कल्पना त्यांनी आधीच दिली होती. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती एका भिंतीबद्दल.

मोठ्या क्लबाच्या इनडोअर हॉलमध्ये शिरताच डाव्या हाताला ती भिंत लागते. मुलींचे हसरे फोटो, प्रत्येकीखाली कॉलेजचा लोगो आणि वर ठळक अक्षरांत, इतक्या मुली कॉलेजला कमिट झाल्या, म्हणजे अमुक कॉलेजच्या संघात खेळायचं त्यांनी ठरवलं. सराव संपायची वाट बघत मी दोन हिवाळे त्या भिंतीसमोर बसलो. एक चेहरा ओळखीचा होता. ती मुलगी लहानपणापासून गावच्या क्लबात खेळायची. आमच्या लेकीला थ्रो-इन करताना मागचा पाय उचलायचा नसतो हे तिनेच शिकवलं होतं. मोठ्या क्लबात ती आली अकरावीच्या सप्टेंबरात आणि नोव्हेंबरात तिचं कॉलेज ठरलंसुद्धा. म्हणजे फार तर अडीच महिने. भिंतीवर मात्र ती मोठ्या क्लबाने घडवलेली खेळाडू होती. क्लबाच्या संचालकांना मी एकदा शांतपणे विचारलं की फोटोखाली कोण किती वर्षं इथे होती हेही लिहाल का. ते म्हणाले, ‘तिने आमची जर्सी घातली होती ना?’ विषय तिथेच संपला.

मग मी एक रविवार बसून काढला. जवळजवळ प्रत्येक कॉलेज आपल्या संघाचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, वेबसाइटवर ठेवतं. खेळाडूच्या नावापुढे गाव आणि हायस्कूल असतं, पुष्कळदा आधीचा क्लबही असतो. भिंतीवरची नावं मी एकेक करून शोधली. बऱ्याच सापडल्या, ते खरंच होतं. काही पहिल्या वर्षीच्या रोस्टरमध्ये होत्या, दुसऱ्या वर्षीच्या नव्हत्या. काही कुठेच नव्हत्या. तोंडी कमिटमेंट कुणालाच बांधून ठेवत नाही, कॉलेजलाही नाही आणि मुलीलाही नाही. फोटो मात्र भिंतीवर राहतो.

इथे कॉलेजांचे खेळ तीन डिव्हिजनमध्ये विभागलेले असतात, वन सगळ्यात वरची. ज्यांची कॉलेजं डिव्हिजन थ्रीची होती, तिथे मी जास्त रेंगाळलो. डिव्हिजन थ्री कमी प्रतीचं आहे असं मुळीच नाही. अभ्यासाच्या दृष्टीने त्यातली कित्येक कॉलेजं उत्तम आहेत आणि मुली तिथे मन लावून खेळतात. पण खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही, हा तिथला नियमच आहे. हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरेंच्या आयव्ही लीगमध्येही देत नाहीत. डिव्हिजन थ्रीची मुलगी फुगे बांधून, टेबलावर पेन घेऊन सही करतानाचा जो फोटो येतो, तो आनंदाचा कागद असतो, पैशांचा करार नसतो. असं असूनही क्लबाच्या माहितीपत्रकात ‘आमच्या खेळाडूंनी मिळवलेली शिष्यवृत्ती’ म्हणून लाखो डॉलरचा एकच आकडा छापलेला होता. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींची मुलगी त्या आकड्यात धरलेली आहे. तिला मिळालेले सगळे पैसे मार्कांवर मिळालेले. वहिनी मला म्हणाल्या, ‘अहो, चार वर्षं पोरीने रात्री जागवल्या, आणि श्रेय गेलं सॉकरला.’ ते मला फार लागलं. तिची मेहनत तिच्याच नावावर राहायला हवी होती.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. निकाल लागला की एकच टॉपर दोन-तीन क्लासेसच्या होर्डिंगवर झळकतो, हे लातूरला किंवा पुण्यात वाढलेल्यांना सांगायला नको. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर त्याने कुठला कोर्स केला, किती काळ केला आणि पैसे भरून केला का, हे फोटोबरोबरच सांगायचं, आणि निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यायची. ती बातमी वाचताना मला इथली भिंतच आठवली. इथे हे प्रश्न विचारायचं काम आईबापांवर येऊन पडतं.

तोच प्रश्न घेऊन मी गावच्या क्लबाच्या कोचकडे गेलो. तुमच्या किती मुली कॉलेजात खेळतात? त्यांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. वर वर्ष, खाली त्या वर्षी बारावी झालेल्या संघातल्या झाडून सगळ्या मुली. नावांऐवजी आद्याक्षरं होती. रकाने पाच: क्लबात किती वर्षं, कॉलेज, डिव्हिजन, खेळाचे पैसे मिळाले का, अजून खेळते का. सतरा ओळींपैकी चार मुली कॉलेजच्या संघात होत्या. खेळाचे पैसे एकीला, तेही थोडेच. एका ओळीत आधीचं खोडून पेनने लिहिलं होतं, ‘पहिल्या वर्षानंतर थांबली, गुडघा’. दुसऱ्या एका ओळीत, ‘खेळत नाही, नर्सिंग’. कोच म्हणाले, ‘दरवर्षी ऑगस्टमध्ये मी मुलींना फोन करून हा कागद दुरुस्त करतो.’

सतरापैकी चार. भिंतीपुढे हा आकडा अगदीच लहान दिसतो. पण भिंतीवर ‘पैकी’ हा शब्दच नव्हता. किती मुली त्या क्लबातून बाहेर पडल्या, त्यातल्या किती खेळायच्या थांबल्या, हे मला दोन वर्षांत एकदाही कळलं नाही. मी आणि बायको त्या संध्याकाळी गाडीत बसलो तेव्हा आमचं जवळपास ठरलं होतं.

आणखी एक गोष्ट. लेक आठवीत असताना मोठ्या क्लबात आम्हाला सांगण्यात आलं होतं की कॉलेजचे कोच तिच्याबद्दल विचारतायत. आम्ही हरखून गेलो. घरी पेढे आणले, आजीला फोन केला. पुढे नियम वाचले तेव्हा कळलं की २०१९ पासून डिव्हिजन वनच्या सॉकर कोचना दहावीनंतरच्या १५ जूनच्या आधी मुलीशी किंवा घरच्यांशी भरतीबद्दल बोलताच येत नाही. कदाचित कुणी सहज चौकशी केलीही असेल. पण तेरा वर्षांच्या मुलीला ते वाक्य सांगणं मला बरोबर वाटत नाही. पुढचे कित्येक महिने प्रत्येक सामन्यानंतर ती विचारायची, ‘बाबा, आज कुणी आलं होतं का?’

पैशांबद्दल कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा सबुरीने घ्या. बरीच वर्षं डिव्हिजन वनच्या मुलींच्या संघाला १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, मुलांच्या संघाला ९.९ ची. त्या सगळ्या संघात वाटल्या जायच्या, त्यामुळे पूर्ण फी माफ झालेली खेळाडू विरळाच. जून २०२५ मध्ये न्यायालयाने कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या ‘हाऊस’ नावाच्या खटल्यातल्या तडजोडीला मान्यता दिली. त्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघात २८ खेळाडूंची मर्यादा आली. म्हणजे जुन्या माहितीपत्रकांतला हिशेब आता तसाच्या तसा लागू पडत नाही, आणि रोस्टरच्या टोकाला असलेल्या मुलींची जागा पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही.

तरीही मोठा क्लब कुणासाठी योग्य नाही असं मी म्हणणार नाही. तुमची मुलगी वयोगटात उघडपणे पुढे असेल, तिला स्वतःला डिव्हिजन वनच हवं असेल आणि आठवड्यातले चार दिवस पाऊण तास गाडी चालवायची तुमची तयारी असेल, तर ते मैदान आणि कडेच्या त्या खुर्च्या तिला उपयोगी पडतील. आमची लेक मधल्या फळीतली, अभ्यासाची ओढ असलेली. तिच्यासारख्यांना कॉलेजच्या आयडी कॅम्पला, म्हणजे कोच खेळाडू पारखतात त्या शिबिराला, कुठल्याही क्लबातून जाता येतं आणि कोचना ईमेल शेवटी मुलीनेच लिहायचे असतात. ती आता अकरावीत आहे. दर रविवारी जेवण झालं की दोन ईमेल लिहिते, गावच्या क्लबाचे कोच ते वाचून दुरुस्त्या सुचवतात. काहींची उत्तरं येतात, काहींची येत नाहीत. पुढे काय होईल ते होवो, आम्हाला कुणी खोटी आशा लावलेली नाही, आणि माझ्या लेखी हेच पारडं जड आहे.

तुमच्याकडे दोन दिवस असतील तर तेवढे पुरतात. पहिल्या संध्याकाळी क्लबाच्या यादीतली दहा नावं घ्या आणि त्या-त्या कॉलेजच्या रोस्टरवर शोधा, या वर्षीच्या आणि मागच्याही. दुसऱ्या दिवशी क्लबाला एवढंच लिहून विचारा: गेल्या वर्षी बारावी झालेल्या तुमच्या संघात एकूण किती मुली होत्या, आणि त्यातली प्रत्येक तुमच्याकडे किती वर्षं होती? उत्तर येईपर्यंत डिपॉझिट भरू नका.