कोल्हापुरात खायला जाताय? मग घड्याळ बघून जा

मी मूळचा ठाण्याचा, पण गेली अकरा वर्षं कोल्हापूरचा जावई आहे, आणि त्यामुळे ऑफिसात आणि मित्रांत मी आपोआप कोल्हापूरचा एक्सपर्ट झालोय. दर महिन्याला कुणाचातरी मेसेज येतोच, विकेंडला चाललोय रे, खायची दोन-चार ठिकाणं सांग. आधी मी नुसती नावं पाठवायचो. मग ते परत आले की बोंब, मिसळ खायला दुपारी साडेतीनला गेलो तर बंद, मटण खायला रात्री साडेदहाला गेलो तर रस्सा म्हणजे नुसतं गरम पाणी. च्यायला, मिसळ दुपारी साडेतीनला कोण खातं? पण त्यांची तरी काय चूक, मी नाव दिलं होतं, वेळ कुठे दिली होती. कोल्हापुरात काय खायचं हे सगळ्या जगाला माहितीये, कधी खायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून यावेळी वेळेसकट लिहितोय.

मुंबईहून येणार असाल तर महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी सातच्या आसपास सोडते. लॉजवर बॅगा टाका, आंघोळ करा आणि कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्टकडे बघूसुद्धा नका. तो इडली-उपमा तुम्हाला बेंगळुरूलाही मिळणारे. सरळ रिक्षा करून उद्यमनगरात फडतरे मिसळला जा. उद्यमनगर म्हणजे लेथ मशीन, वेल्डिंग, फाउंड्रीवाल्यांचा भाग, टूरिस्ट म्हणून एरवी तुम्ही तिकडे कशाला जाल, आणि त्या सगळ्या खडखडाटात एका ठिकाणी लोक नंबर लावून उभे दिसले की समजायचं, आलं. आठ-साडेआठला गेलात तर बरं, रविवारी उशिरा गेलात तर दुसऱ्यांच्या प्लेटी बघत उभं राहायचं. दुपार झाली की विषय संपला.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा लग्नाला महिनाच झाला होता. समोर मटकी, बटाटा, फरसाण, कांदा, वर कट म्हणजे लाल तिखट रस्सा, आणि बाजूला ब्रेडच्या स्लाइस. मला वाटलं पाव संपले असतील. मी आपला पाव मागितला तर मेहुण्याने असं बघितलं की जणू बहीण देऊन चूक केली. "दाजी, पाव पुण्याला." एवढंच बोलला. आता मी स्वतःच लोकांना सांगतो की कोल्हापुरी मिसळ स्लाइसबरोबरच खायची. माझी थिअरी अशी की पाव फुगीर असतो, त्याला कट पोटात घ्यायला वेळ लागतो, स्लाइस टीपकागदासारखी लगेच ओढून घेते. मेहुण्याचं म्हणणं असं काही नसतं, आमच्यात स्लाइसच असते म्हणून स्लाइस. असो.

आणि कट म्हणायचं हां. तर्री नागपुरात, सँपल पुण्यात. इथे "जरा कट घाला" म्हणायचं. वरून लालभडक तेल दिसलं की बाहेरचे लोक घाबरतात, पण रंगावर जाऊ नका. तो रंग बराचसा मिरचीच्या जातीचा असतो, ब्याडगी रंग जास्त देते आणि जाळ कमी. खरी मजा भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ आणि लसूण यांची असते, ते नीट भाजलेलं असलं की तिखट जिभेवर न बसता घशात मागून येतं, हळूहळू, आणि नाक वाहायला लागलं तरी हात थांबत नाही.

आता वाद. फडतरे हे बाहेरच्यांना माहीत असलेलं नाव. कोल्हापूरकराला विचाराल तर कुणी कसबा बावड्याची बावडा मिसळ म्हणेल, कुणी खासबाग, कुणी चोरगे. आमचे सासरे चोरगे पार्टीतले, कारण अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि तिथूनच जवळ चोरगे मिसळ खाऊन घरी यायचं असा त्यांचा वर्षानुवर्षांचा रूट आहे. मला स्वतःला बावड्याची जास्त घरची वाटते, पण हे वाक्य मी सासरी मोठ्याने बोलत नाही. एकच दिवस असेल तर फडतरे, दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी बावडा. एका सकाळी दोन मिसळी असला पराक्रम करू नका, कारण दुपारी मटण आहे.

दुपारी म्हणजे साडेबाराला. एकच्या आत ताटावर बसायचं. लक्ष्मीपुरीत पद्मा गेस्ट हाउस आहे, नावात गेस्ट हाउस असलं तरी लोक राहायला नाही, जेवायला जातात, साधी टेबलं, दिखाऊ काही नाही. जरा ऐसपैस, फॅमिली, एसी वगैरे पाहिजे असेल तर ओपल आहे, देहाती आहे. मी आई-बाबांना ओपलला नेलं होतं आणि मित्रांना पद्माला, आणि दोन्हीकडे सगळे गप्प बसून जेवले, ही माझ्या मते मटणाला मिळणारी सगळ्यात मोठी दाद आहे.

साडेबाराच का? याचं उत्तर पांढऱ्या रश्श्यात आहे. हे मला सासूबाईंच्या स्वयंपाकघरात कळलं. आधी मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात, त्याचं जे पाणी निघतं ते अळणी. घरात लहान पोरांना आणि आजारी माणसाला तेच वाटीत देतात. मग त्या अळणी पाण्याच्या वाटण्या होतात. एका वाट्यात कांदा-लसूण मसाला आणि भाजलेलं वाटण पडतं, तो तांबडा. दुसऱ्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजूचं वाटण, वर लवंग, दालचिनी, मिरी यांची फोडणी, तो पांढरा. तांबडा कसाही उकळा, तो बिचारा सहन करतो, उलट दुसऱ्या वेळी जास्त चांगला लागतो. पांढरा नाजूक. नारळाचं दूध घातल्यावर जास्त उकळला की फुटला. सासूबाई तेव्हा कुणाला गॅसजवळ उभं राहू देत नाहीत, फोनसुद्धा उचलत नाहीत.

म्हणजे आता विचार करा, हॉटेलात सकाळी केलेला पांढरा दिवसभर गरम करत राहिला तर रात्री दहाला तुमच्या वाटीत काय येणार? म्हणून पहिली पंगत गाठायची. आणि थाळी चांगली की वाईट हे सुक्या मटणावरून ठरवू नका, पांढऱ्यावरून ठरवा. हायवेवर एका ठिकाणी, नाव सांगत नाही, बोर्डावर अस्सल कोल्हापुरी असं माझ्या उंचीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, पांढरा आला तो चक्क कॉर्नफ्लॉवर लावलेला, चमच्याला चिकटत होता. वेटरला विचारलं तर म्हणाला, सर दाट आहे म्हणजे रिच आहे. मी काय बोलणार. पांढरा दाट नसतो हो, पातळ असतो, भुरका मारता आला पाहिजे.

खायची पद्धत पण सांगतो, कारण आमच्या एका मित्राने पांढरा भातावर ओतला आणि आख्खं टेबल हळहळलं. पांढरा आधी, वाटी तोंडाला लावून, सूपसारखा. संपला की वाढपी विचारतोच, "घालू काय भावा?", लाजायचं नाही, रस्सा बहुतेक ठिकाणी पुन्हा पुन्हा वाढतात. मग भाकरी कुस्करून तांबडा, मध्ये मध्ये सुकं, शेवटी थोडा भात आणि परत तांबडा. दही-कांदा बाजूला राहू द्या, लागेल. चिकन मागू नका असं म्हणणार नाही, पण मागितलंत तर आमचा मेहुणा तुमच्याशी कमी बोलेल. मटण या गावात किती सिरियस विषय आहे याचा अंदाज हवा असेल तर आठवा, २०१९ च्या शेवटी मटणाचा भाव वाढला म्हणून कोल्हापूरकरांनी चक्क आंदोलन केलं होतं. पेट्रोलसाठी नाही, मटणासाठी!

दिवस पण बघून जा. आखाडात, म्हणजे आषाढाच्या शेवटी, मटणाच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते. याउलट श्रावणात निवांत, मी दोनदा मुद्दाम श्रावणात गेलोय, सासूबाईंना न सांगता. नवरात्रात देवीची गर्दी असते, तेव्हा नुसतं पार्किंग शोधण्यात भूक मरते.

शाकाहारी लोकांचं काय, तर पहिली गोष्ट, व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी मागवू नका. ती भाजी मुंबई-पुण्याच्या मेनूकार्डावरची, मी अकरा वर्षांत सासरच्या ताटात कधी बघितलेली नाही. तुम्हाला मिसळ आहेच, आणि गाडी असेल तर दुपारी वीसेक किलोमीटरवर पन्हाळ्याला जा, तिथे झुणका-भाकरी, खर्डा, दही, कांदा, वारा. बास. खर्डा मात्र नखभर घ्या आधी. आणि लोणी डोशाच्या गाड्या गावात जागोजागी आहेत, पोरं खूश होतात.

दुपारी झोप काढा. ही टीप नाही, ही अट आहे.

पाचच्या पुढे खासबागेत राजाभाऊंची भेळ. खासबाग म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ चं, आणि त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. लग्नानंतर बायकोने मला पहिलं नाटक तिथेच दाखवलं आणि बाहेर येऊन पहिली भेळ खायला घातली, तेव्हा आमच्यासाठी ते एक पॅकेजच होतं. ८ ऑगस्ट २०२४ ला नाट्यगृहाला आग लागली. त्यानंतर आम्ही गेलो तेव्हा ती हातात भेळेचा कागद धरून बराच वेळ नुसती तिकडे बघत उभी होती, मी पण काही बोललो नाही. भेळ मात्र तशीच आहे, चुरमुरे कुरकुरीत, चिंचेचं पाणी बेताचं, आणि हातात येईपर्यंत मऊ पडत नाही. मुंबईच्या गोड भेळेची सवय असेल तर पहिला घास जरा झोंबेल. घरी न्यायला भडंग घ्या, भेळ पार्सल नको, ती पार्सल करायची वस्तूच नाही.

कुणाला गोड हवं असेल तर सोळंकीकडचं कॉकटेल. नावावर जाऊ नका, आइस्क्रीम आहे, सासरे पण खातात.

आणि मग गंगावेशीतला दूध कट्टा. हे खरंतर मी सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, कारण असलं काही मी दुसऱ्या कुठल्या शहरात बघितलं नाही. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, मालक तुमच्यासमोर धार काढणार आणि फेस आलेला ग्लास तसाच तुमच्या हातात, कोमट, गोडसर, साखर नाही काही नाही. आजूबाजूला तालमीतली पोरं, कान मोडलेली, ती एका दमात दोन-दोन ग्लास रिकामे करतात आणि आपण फेसाची मिशी पुसत बसतो. कोल्हापूर म्हणजे तिखट असं सगळे म्हणतात, पण मला वाटतं हे गाव जितकं मिरचीचं तितकंच दुधाचं आहे. गोकुळ दूध संघसुद्धा इथलाच, १९६३ पासूनचा. दूध न तापवलेलं असतं हे लक्षात ठेवा, पोट नाजूक असेल किंवा बरोबर लहान मूल असेल तर नुसतं बघा, बघायलाही मजा येते.

एक चूक मी केलीये ती तुम्ही करू नका. भेळ खाऊन तासाभरात दूध प्यायलो होतो, चिंचेवर. पुढचं सांगत नाही. एका संध्याकाळी भेळ, दुसऱ्या संध्याकाळी दूध.

बाकी २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला गावात असाल तर सकाळी जिलेबीच्या दुकानांसमोरची गर्दी बघा, झेंडावंदन आणि जिलेबी ही तिथली रीतच आहे, माळकरांकडची मला आवडते. थंडीत गेलात तर गूळ घ्या, नवा असतो. कांदा-लसूण मसाला घ्याच, पण अर्धा किलोच घ्या, सहा महिने संपत नाही.

आणि रस्सा डब्यातून न्यायचा असेल तर तांबडा न्या. पांढरा आम्ही एकदा नेला होता स्टीलच्या डब्यात, कराडपर्यंत ठीक होता.