ई-सिमच्या ‘अमर्यादित’ डेटाने झालेली फसवणूक

परदेश प्रवासात इंटरनेट सुरू राहावे म्हणून निघण्याच्या तीन दिवस आधी मी एका विक्रेत्याकडून दहा दिवसांचे ‘अमर्यादित डेटा’ असलेले ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये बसवता येणारे डिजिटल सिम, ऑनलाइन विकत घेतले. ईमेलने आलेला क्यूआर कोड घरूनच स्कॅन करून ठेवावा, अशी सूचना होती आणि मी ती आज्ञाधारकपणे पाळली. मुदत परदेशातील नेटवर्कशी जोडणी झाल्यावर नव्हे, तर स्कॅन केल्यापासूनच मोजली जाणार होती, हे मात्र कोठेही ठळकपणे सांगितलेले नव्हते. त्यामुळे विमानात बसण्यापूर्वीच माझे तीन दिवस खर्ची पडले होते.

खरा प्रकार पोहोचल्यानंतर दुपारी उघडकीस आला. सकाळी सुरळीत चालणारा नकाशा उघडेनासा झाला, तेव्हा मी अटी शेवटपर्यंत वाचल्या. रोजचा पहिला १ जीबी डेटा पूर्ण वेगाने आणि त्यापुढचा १२८ केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) वेगाने मिळेल, असे तेथे बारीक अक्षरांत लिहिले होते. या वेगाने १ एमबीचे एक छायाचित्र उतरवून घ्यायलाही मिनिटभराहून अधिक वेळ लागतो, मग व्हिडिओ कॉलची गोष्टच नको. डेटा पूर्णपणे बंद पडत नाही, म्हणून ‘अमर्यादित’ हा शब्द कागदोपत्री खोटा ठरत नाही, आणि सगळी चलाखी तेथेच आहे.

मी विक्रेत्याच्या चॅटवर तक्रार केली. “ई-सिम फोनमधून काढून टाका आणि तोच कोड पुन्हा स्कॅन करा,” असे तेथील प्रतिनिधीने सांगितले. प्रवासी ई-सिमचा कोड बहुधा एकदाच वापरता येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. प्रतिनिधीला ते ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. कोड अवैध असल्याचा संदेश आला आणि होते ते मंद इंटरनेटही गेले. परतावा मागितला, तेव्हा ‘ग्राहकाने स्वतः ई-सिम काढून टाकल्यास रक्कम परत मिळत नाही’ हे कलम पुढे करण्यात आले. चॅटची खिडकी बंद होताच तो सल्ला नाहीसा झाला होता आणि मी स्क्रीनशॉट घेतला नव्हता, त्यामुळे कार्डाच्या बँकेकडे केलेली तक्रारही पुराव्याअभावी अडली.

घरचे सिम एसएमएससाठी चालू ठेवले होते, हे एक बरे झाले. केवळ डेटा देणाऱ्या त्या ई-सिमला फोन क्रमांकच नव्हता, आणि बँकेचा ओटीपी त्यावर येणे शक्यच नव्हते.

परतल्यावर मी त्याच विक्रेत्याला नव्या ग्राहकासारखे तीन प्रश्न लेखी विचारले: मुदत केव्हा सुरू होते, हॉटस्पॉट चालतो का आणि किती डेटा वापरल्यावर वेग कमी होतो. पहिल्या दोन प्रश्नांची सविस्तर उत्तरे आली. तिसऱ्यासाठी एकच ओळ होती: “आपला डेटा अमर्यादित आहे.”