कार्ताहेनाचं प्रादेशिक अर्थशास्त्र केंद्र, बेळगावातून वाचलेलं

कोलंबियाच्या मध्यवर्ती बँकेचं, म्हणजे बांको दे ला रेपुब्लिकाचं, मुख्यालय बोगोतात आहे. पण प्रादेशिक अर्थकारणाचा अभ्यास करणारं तिचं केंद्र राजधानीत नाही. ते १९९७ पासून कार्ताहेनात, कॅरिबियन किनाऱ्यावर आहे. माझ्या मते या केंद्राचं निम्मं यश या पत्त्यात आहे. मी बेळगावात एम.ए.च्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते आणि या केंद्राचे निबंध नेमानं वाचते. आपल्या सीमाभागातल्या मुलांनी ते वाचावेत असं मला अगदी मनापासून वाटतं, म्हणून हा अभिप्राय.

आधी व्यवहाराचं बोलू. निबंध फुकट उतरवून घेता येतात. भाषा बहुतेक ठिकाणी स्पॅनिश, पण सुरुवातीला इंग्रजी सारांश असतो. तेवढ्यावरून निबंध आपल्या कामाचा आहे की नाही हे कळतं. पुढचा मजकूर मोबाईलवरच्या भाषांतरानं समजण्याइतपत उतरतो. तक्ते मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिकडं दशांशाच्या जागी स्वल्पविराम आणि हजाराच्या जागी टिंब देतात. ३,१ म्हणजे तीन पूर्णांक एक. हे मुलांना पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून द्यावं लागतं.

आता मूळ मुद्दा. या केंद्रानं सुरुवातीपासून एक प्रश्न लावून धरला: आपला किनारा मागं का पडला? वसाहतकाळात कार्ताहेना हे दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या बंदरांपैकी एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारच्या बारान्कियाचा व्यापारही जोरात होता. मग देशाच्या आतल्या डोंगराळ भागात कॉफी फोफावली. केंद्राचे बरीच वर्षं संचालक राहिलेले आदोल्फो मेइसेल यांची मांडणी अशी की, कॉफीच्या निर्यातीतून इतकं परकीय चलन आलं की देशाचं चलन महागलं आणि किनाऱ्यावरच्या बाकी मालाची निर्यात परवडेनाशी झाली. त्यातच १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला. पॅसिफिककडच्या बुएनावेंतुरा बंदराला वाट मिळाली आणि कॉफी तिकडून जायला लागली. म्हणजे एका प्रदेशाच्या भरभराटीनं दुसरा प्रदेश बसला, आणि त्यात किनाऱ्यावरच्या माणसांच्या आळसाचा काही संबंध नव्हता. ‘तिकडची माणसंच तशी’ हे उत्तर ज्यांनी आयुष्यभर ऐकलंय, त्यांना या मांडणीचं मोल वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात आवडलेलं काम उंचीवरचं आहे. कोलंबियाच्या ओळखपत्रावर माणसाची उंची लिहिलेली असते. या अभ्यासकांनी अशा लाखो नोंदी घेऊन, कुठल्या प्रदेशात कुठल्या सालात जन्मलेली माणसं किती वाढली हे तपासलं. लहानपणी पोटभर खायला मिळालं का, आजारपणं किती झाली, हे हाडांत उतरतं. उत्पन्नाचे आकडे नसलेल्या काळाचं राहणीमान त्यावरून कळतं. हा निबंध वर्गात सांगितला तेव्हा एका मुलानं लगेच विचारलं, “मॅडम, आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीत उंची मोजतातच की, त्यावरून असं काढता येईल का?” त्याचे वडील तिथूनच निवृत्त झालेत. भरतीला आधी उंचीची अट असते, त्यामुळं ठेंगणी माणसं नोंदीत येतच नाहीत. ही अडचण त्याला सांगितली, आणि तिथून तासभर चर्चा रंगली. परक्या देशातला निबंध आपल्या गावातला प्रश्न सुचवतो, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र माझ्याकडं नाही.

आणखी एक गोष्ट. निबंधांवर स्पष्ट छापलेलं असतं की मतं लेखकाची आहेत, बँकेची किंवा तिच्या संचालक मंडळाची नाहीत. पगार मध्यवर्ती बँकेचा आणि प्रश्न राजधानीला अडचणीचे, हे त्यामुळंच जमतं.

खोट कुठं आहे? अलीकडचे निबंध समीकरणांनी जड झालेत. बंदर, गुरं, मीठ, कॉफी यांवरचे जुने निबंध गोष्टीसारखे वाचता येतात. नवे वाचायला संख्याशास्त्राची बरी तयारी लागते. शेतकरी, हमाल, मासेमारी करणारी बाई यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत फारसं भेटत नाही. पदवीच्या मुलांना मी जुनेच देते.

आता आपल्याकडं बघा. रिझर्व्ह बँक २०१६ पासून राज्यवार आकडेवारीची पुस्तिका काढते. ती उत्तम आहे, मी रोज वापरते. पण ती राज्यवार आहे. बेळगाव तिच्यात कर्नाटकाच्या सरासरीत विरघळून जातं, आणि त्या सरासरीत बेंगळुरू बसलेलं असतं. जिल्हावार ठेवी आणि कर्जांचे तिमाही आकडे मिळतात, तेही शेड्यूल्ड व्यापारी बँकांचे. आमच्याकडचा पैसा मात्र पतसंस्थेत, सोसायटीत, नागरी सहकारी बँकेत फिरतो. शहापूर-वडगावच्या मागवाल्याचं कर्ज कुठलं आणि उद्यमबागेतल्या छोट्या फाउंड्रीवाल्याचं कुठलं, हे त्या तक्त्यांत पूर्ण दिसत नाही. लांब पल्ल्याची मालिका करायची तर वेगळीच कसरत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंतचे आकडे मुंबई राज्याच्या अहवालांत, त्यानंतरचे म्हैसूर राज्याच्या. आणि माल काही सीमा बघून थांबत नाही. खानापूर-बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला उतरते, निपाणीचं रोजचं येणंजाणं कोल्हापूर-इचलकरंजीशी. एका राज्याच्या तक्त्यात हा प्रदेश मावतच नाही.

आपल्याकडं अशी परंपरा नव्हती असंही नाही. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावं. ही पाहणी चालवणाऱ्या गोरवाला समितीत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के आणि सावकारांचा सत्तरच्या आसपास, हे त्या पाहणीनं दाखवलं आणि देशाचं धोरण हललं. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, ती याच समितीच्या शिफारशीवरून. गावोगाव जाऊन विचारल्यावर काय होतं ते आपल्याच मध्यवर्ती बँकेनं करून दाखवलंय. तसं एखादं कायमचं केंद्र कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या या पट्ट्यात हवं. बेळगावात असो, चिकोडीत असो, पण इथं हवं, आणि त्याला राज्याची रेघ ओलांडून कोल्हापूर-सांगलीचे आकडे जोडायची मोकळीक हवी. कन्नड आणि मराठी दोन्ही जाणणारी माणसं त्यात असली पाहिजेत. जमिनीचे आणि सोसायट्यांचे जुने कागद दोन्ही भाषांत आहेत.

तोवर कार्ताहेनाचे निबंध आहेत. अर्थशास्त्र, इतिहास किंवा भूगोल घेऊन एम.ए. करणाऱ्यांनी, आणि स्थानिक वर्तमानपत्रांत शेतीबाजारावर लिहिणाऱ्यांनी जरूर वाचावेत. सुरुवात किनारा का मागं पडला या विषयापासून करा, मग उंचीवरचा घ्या. निपाणीकडची माझी एक विद्यार्थिनी सध्या कॉफीवरचा एक जुना निबंध शेजारी ठेवून विडी-तंबाखूच्या पेठेवर प्रबंध लिहितेय. निबंधातला प्रत्येक तक्ता बघून ती समासात लिहिते, असा आकडा आपल्याकडं कुठल्या कचेरीत मिळेल. वाचायची ही पद्धत मी आता सगळ्याच मुलांना लावलीय.